बाबांच्या ‘बरं’ला उत्तर

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

परवा मी अमेरिकेची सिटिझनशिप घेतेय असं सांगितलं तेव्हा बाबा, तुम्ही नुसतं "बरं" म्हणालात. तुमचं ते "बरं" मी लहानपणापासून ओळखते. फोनवर आपण दोघंही लगेच हवापाण्यावर घसरतो, म्हणून लिहायला बसले.

न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनी शहराच्या दक्षिणेला, हडसन नदीच्या काठी कॅट्सकिल नावाचं गाव आहे. तिथे थॉमस कोल या चित्रकाराचं घर जपून ठेवलंय. ओसरीत उभं राहिलं की समोर डोंगरांची रांग. माणूस तुम्हाला आवडला असता. जन्म 1801 चा, इंग्लंडातल्या बोल्टनचा, म्हणजे सूतगिरण्यांच्या गावचा. पोरवयात कापडावरच्या छपाईचे ठसे कोरायचा. वडिलांचा धंदा बसला आणि 1818 मध्ये घरदार अमेरिकेला आलं. यंत्रमाग भंगारात घालून इचलकरंजी सोडलेली माणसं तुम्ही पाहिलीत, तुम्हाला जास्त सांगायला नको. ओहायोत वडिलांनी वॉलपेपरचा उद्योग मांडला, तिथेही हा हाताशी. चित्रकला बरीचशी आपली आपणच शिकला.

1825 मध्ये हडसनमधून बोटीने वर आला आणि इथले डोंगर, धबधबे, वठलेली झाडं काढून न्यूयॉर्कच्या एका दुकानात चित्रं ठेवली. ट्रंबुल या बुजुर्ग चित्रकाराने एक घेतलं, डनलॅप आणि ड्युरँड या दोघा कलावंतांनी एकेक. 25-25 डॉलरला! तिथून नाव झालं. पुढे ‘हडसन रिव्हर स्कूल’ म्हणून चित्रकारांची जी पिढी गाजली, तिचा मूळपुरुष हा बाहेरून आलेला पोरगा.

आई, तुला गंमत वाटेल. 1829 मध्ये तो युरोपला निघाला, आधी इंग्लंडलाच. तर ब्रायंट या कवीमित्राने त्याच्यासाठी कविता लिहिली: तिकडचं सगळं बघ, पण इकडचं रानवट रूप मनात लख्ख ठेव. निघालाय जन्मदेशी, आणि विसरू नकोस म्हणून बजावतायत इकडचे! मला तू विमानतळावर बजावलंस तसंच, फक्त उलट्या दिशेने. 1832 मध्ये तो परतला, 1834 मध्ये अमेरिकेचा नागरिक झाला.

त्याचं ‘ऑक्सबो’ हे 1836 चं चित्र न्यूयॉर्कच्या मेट म्युझियममध्ये आहे, जवळजवळ दोन मीटर रुंद. डावीकडे वादळ, मोडकं झाड, गच्च रान. उजवीकडे ऊन पडलंय, कनेटिकट नदी मोठा वळसा घेतेय आणि काठाला आखीव शेतं. खाली झाडीत नीट शोधलं तर टोपी घातलेला इवलासा चित्रकार दिसतो. तो स्वतः कोल. ईझलपाशी बसून मागे वळून आपल्याकडे बघतोय. पहिल्या खेपेला मला दिसलाच नव्हता.

त्याच वर्षी त्याने अमेरिकेच्या निसर्गावर निबंध छापला आणि त्यात जंगलावर चालणाऱ्या कुऱ्हाडीबद्दल सुनावलं. नागरिक होऊन दोनच वर्षं, आणि घरच्यासारखी तक्रार! मला तेवढंच हवंय. इतकी वर्षं इथे टॅक्स भरतेय, पण शाळेच्या बोर्डावर कोण बसावं याला माझं मत नाही. मुलं त्याच शाळेत जातात.

आता कामाचं. भारतीय पासपोर्ट परत करावा लागेल, त्याऐवजी ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते, काढीन. मग यायला दरवेळी व्हिसा लागत नाही. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला मी येतेच आहे, त्यात बदल नाही. शेताचं बाबा विचारणारच: ओसीआयवाल्यांना शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने मात्र येते. तेव्हा दादाला म्हणावं, सातबाऱ्याची स्वप्नं इतक्यात नकोत. आणि कपाटातल्या हिरव्या फायलीत माझा जन्मदाखला आहे, त्याचा स्पष्ट फोटो तेवढा पाठवा. मागच्या वेळी बाबांचा अंगठा आला होता.

तुमची,
धाकटी