ताई, ढगूला आधी थंड खोली दे

लिस्बन,
१२ मार्च

ती. ताईस सप्रेम नमस्कार,

काल फोनवर ओमने ढगूचे, म्हणजे तुमच्याकडे आलेल्या त्या लोकरीच्या, कुरतडणाऱ्या चिंचिलाचे, सतरा फोटो दाखवले आणि तू मागून "अगं, याला खायला काय घालायचं ते तरी सांग" म्हणत राहिलीस. ओम फोन सोडेना, तुझ्या सासूबाई मधेच नारळाचा भाव सांगायला लागल्या, आणि बोलणं राहूनच गेलं. म्हणून सगळं लिहूनच पाठवते. छापून फ्रिजवर लाव. सावंतवाडीला आई-बाबांनाही वाचून दाखव, कारण बाबांनी परवा मला एक उपाय सुचवलाय, त्याचं उत्तर यातच आहे.

फोटो बघताना माझी नजर एकाच गोष्टीवर अडकली. पिंजरा पडवीत आहे, तुळशीच्या अंगाला, आणि वर पंखा फिरतोय. एवढं वाचून झालं की आधी तो तिथून हलव. बाकीचं पत्र मग वाच.

चिंचिला मूळचा अँडीज पर्वतातला, चिलीकडचा. थंड कोरडी हवा, खडकांच्या कपारी, हे त्याचं घर. आपल्या डोक्यावर एका मुळातून एखादाच केस येतो, याच्या एकेका मुळातून पन्नास-साठ. त्या लोकरीपायी माणसाने यांची इतकी शिकार केली की रानातले आता थोडेच उरलेत. १९८३ साली चिलीत इयापेल गावाजवळ खास यांच्यासाठी राखीव जंगल करावं लागलं. घरांत पाळले जातात ते बहुतेक सगळे अकरा जनावरांचे वंशज. चॅपमन नावाच्या एका अमेरिकन खाण-अभियंत्याने १९२३ साली ती कॅलिफोर्नियात नेली. डोंगरावरून त्यांना एकदम खाली नाही आणलं त्याने. कित्येक महिने लावून टप्प्याटप्प्याने उतरवलं, आणि बोटीवर बर्फ ठेवून गार राखलं. शंभर वर्षांपूर्वी त्या माणसाला जे कळलं होतं, ते तुझ्या पर्वरीच्या भाडेकरूंनी फ्लॅट सोडताना पिंजरा तुझ्या हातात देऊन बंगळूरला जाण्याआधी दोन वाक्यांत सांगायला हरकत नव्हती.

पंखा बंद कर असं नाही म्हणत, पण त्याच्यावर भिस्त ठेवू नको. वाऱ्याने आपल्याला बरं वाटतं ते घाम सुकतो म्हणून. याला घामच येत नाही. अंगातली उष्णता जाते ती त्या मोठ्या कानांतून. कान लालभडक दिसले, किंवा तो अंग टाकून आडवा पडून जोरजोरात श्वास घ्यायला लागला, तर उन्हाचा तडाखा बसलाय असं समज. मग लगेच गार खोलीत न्यायचं, कानांना ओलसर फडकं लावायचं, आणि तसंच डॉक्टरकडे. बर्फाच्या पाण्यात बुडवायचं नाही, सासूबाईंनी सांगितलं तरी.

त्याला खोलीत १५ ते २१ अंश मानवतात. २५ च्या वर गेलं की धोका सुरू. पाळणाऱ्यांत एक ठोकताळा आहे: फॅरनहाइटमधलं तापमान आणि हवेतल्या ओलाव्याचे टक्के यांची बेरीज १५० च्या खाली राहिली पाहिजे. आता तुमच्या गोव्यातल्या माशेलचा मे महिना घे. ३३ अंश म्हणजे ९१ फॅरनहाइट, ओलावा धर ७५ टक्के. झाले १६६. एसी २२ वर लावून खोली बंद ठेवलीस तर ७२ आणि ५०-५५. म्हणजे सव्वाशेच्या आसपास. एसी हवा कोरडीही करतो, म्हणून तिथे एसीला दुसरा पर्याय नाही. वाऱ्याचा झोत मात्र थेट पिंजऱ्यावर नको.

आता अडचण अशी की तुमच्या घरात एसी एकाच खोलीत, आणि ती तुझी नि भावोजींची. ढगू दिवसभर झोपणार आणि संध्याकाळी सातनंतर त्याचा दिवस उगवणार. रात्री दोनला फळीवरून फळीवर उड्या, पाण्याच्या बाटलीची टकटक. भावोजी आठवड्यात पिंजऱ्यासकट तुलाही पडवीत पाठवतील. तेव्हा देवघरामागची खालची खोली बघ. चिऱ्याच्या जाड भिंती, पश्चिमेचं ऊन नाही, फक्त कौलांखाली छत मारून घ्यावं लागेल, नाहीतर गारवा वरच्या वर निघून जाईल. छोटा एसी तिथे बसवा. वीजबिल येईल, आणि चांगलंच येईल. हे प्राणी दहा-पंधरा वर्षं सहज जगतात, वीसही. ओम नोकरीला लागेल तेव्हाही ढगू असेल, हे धरून हिशोब मांड.

बाबा म्हणतात, उन्हाळ्यात आंबोलीला नेऊन ठेवा. बाबा, कल्पना निम्मी बरोबर आहे. गारवा आहे, पण जूनपासून आंबोलीत भिंतींना पाझर फुटतात, चादरीसुद्धा ओल्या लागतात. याची लोकर एकदा दमट झाली की लवकर सुकत नाही, आणि मग कातडीला बुरशी धरते. शिवाय घाटातून गाडीत हेलकावे खात जायचं. नको.

लाईट गेल्यावर काय, हा खरा प्रश्न. आपल्याकडे पहिल्या वळवाला फांदी पडते आणि चार-चार तास काळोख. घरच्या इन्व्हर्टरवर एसी ओढत नाही. म्हणून फ्रीझरमध्ये पाण्याच्या पाच-सहा बाटल्या कायम गोठवून ठेव. गरज पडली की परातीत घालून पिंजऱ्याला बाहेरून टेकवून ठेवायच्या. आत ठेवल्यास तर घामेजून त्याची लोकर भिजवतील. आणि ओटा करताना उरलेला कडप्पा असेल ना मागच्या दारी? त्याचे एकेक वीतभर दोन तुकडे घासून धुऊन घे. एक पिंजऱ्यात, एक फ्रिजमध्ये, आलटून पालटून. कोरडा पुसून ठेवायचा. आमची नाचणी दुपारभर त्यावर पोट टेकून पसरलेली असते.

नाचणी म्हणजे माझी चिंचिला. नाचणीच्या पिठासारखा रंग, म्हणून ते नाव. इथल्या मैत्रिणींना अजून नीट उच्चारता येत नाही. ती आली तेव्हा मी जे केलं ते ओम आत्ता करतोय, म्हणून सांगते. दुसऱ्याच दिवशी मला तिला मांडीवर घ्यायचं होतं. ती कोपऱ्यात गेली, मी हात घातला, ती उडाली, मी धरली. ती निसटली आणि माझ्या मुठीत करड्या लोकरीचा अख्खा पुंजका राहिला, सावरीच्या कापसासारखा, वजनच नाही. तिच्या पाठीवर रुपयाएवढी गुळगुळीत गुलाबी जागा. मला वाटलं मी तिला सोलली. तसं नसतं, कोणी पकडलं की लोकर सोडून पळायचं, ही त्यांची जीव वाचवायची युक्ती. दुखत नाही फारसं. पण त्या केसांना भरून यायला दोन-तीन महिने गेले, आणि ती माझ्या हाताला पुन्हा भुलायलाही जवळपास तेवढेच.

तर पहिले चार-पाच दिवस ढगूला कोणी हात लावायचा नाही. पिंजऱ्याची एक बाजू भिंतीला, एका बाजूवर सुती चादर, आत लपायला लाकडी खोकं. ओमने संध्याकाळी जवळ बसून अभ्यास मोठ्याने वाचावा, म्हणजे दोघांचंही भलं होईल. मग एक दिवस पिंजऱ्याचं दार उघडून तळहात नुसता आत ठेवायचा, हलवायचा नाही. तो येईल, हुंगेल, नख कुरतडेल, पळेल. पुन्हा येईल. स्वतःहून हातावर चढला की मग एक हात छातीखाली, एक मागच्या पायांखाली. वरून झडप कधी नाही. वरून येतो तो त्याच्या लेखी शिकारी पक्षी. चिडला तर कुत्र्याच्या पिल्लासारखा भुंकतो, त्याने घाबरू नका. आणि मनीला त्या खोलीचं दार कायमचं बंद. ती नुसती बघत बसते म्हणालीस, पण तिचं ते बघत बसणंच त्याला पुरे आहे.

खाण्याचं. फोटोत वाटीत खोबऱ्याचे तुकडे आणि काजू दिसले. सासूबाईंचा जीव मोठा, मला माहीत आहे, पण ते विष समज. याचं पोट सुक्या गवतावर चालतं. तेल, साखर, फळं, बेदाणे यांनी आतडं थंडावतं, आणि याला उलटीही करता येत नाही. मी नाचणीला लाडाने रोज दोन बेदाणे द्यायचे. महिन्याभरात ती गवताकडे बघेना, एका सकाळी ट्रे रिकामा. लेंड्याच नाहीत. तीन दिवस डॉक्टरांनी दिलेली पेज सिरिंजने दर काही तासांनी भरवली, रात्रीचा गजर लावून. तेव्हापासून मी सकाळी चहाच्या आधी लेंड्या बघते. टणक, सुक्या, भाताच्या दाण्यापेक्षा जरा जाड, आणि भरपूर. कमी झाल्या, बारीक झाल्या, किंवा बारा तास काहीच नाही, तर डॉक्टर. उद्यावर टाकायचं नाही.

गवत म्हणजे टिमोथी. ऑनलाइन मागवता येतं. ते अष्टौप्रहर समोर हवं. गोठ्यातला पेंढा नको, त्याला आपल्याकडे हमखास बुरशी येते. लसूणघास पूर्ण वाढलेल्या चिंचिलाला रोज नको, त्यात कॅल्शियम फार. गोळी-खाद्य दिवसाला एक-दोन चमचे, आणि भाडेकरू जे देत होते तेच आधी चालू ठेव. बदलायचं तर दोन आठवडे मिसळत मिसळत. गवत चावून चावूनच त्याचे दात झिजतात, कारण ते जन्मभर वाढत राहतात. दात पिवळे-नारिंगी दिसले म्हणून ओमला ब्रश आणू देऊ नको. तोच निरोगी रंग. चघळायला लाकूड द्यायचं, पण परसातल्या काजूची किंवा आंब्याची फांदी नाही. त्यांचा चीक भाजतो.

अंघोळ पाण्याने कधीही नाही. ज्वालामुखीच्या दगडाची पिठासारखी बारीक धूळ मिळते, ती खोलगट भांड्यात दोन बोटं उंचीइतकी घालून संध्याकाळी दहा-पंधरा मिनिटं आत ठेवायची. असा लोळतो की बघत राहावं: पाठीवर आडवा, गर्रकन वळला, उठला, झटकला, पुन्हा आडवा. मग भांडं काढून घ्यायचं, नाहीतर त्यातच मुततात. आठवड्यातून दोन-तीनदा, पावसात एखादवेळ जास्त. समुद्राची वाळू चालत नाही, म्हणजे ओमने मिरामारहून पिशवी भरून आणायची गरज नाही.

पिंजरा लोखंडी आहे ते बरं, पण तळाला जाळी आहे. तिच्यावर लाकडी फळ्या टाक, पायांना जखमा होतात. प्लास्टिकची घसरगुंडी आणि ते छोटं चाक काढ. प्लास्टिक कुरतडून गिळतात, आणि लहान चाकात पाठीचा कणा वाकतो.

दोन कामं भावोजींची. भाडेकरूंकडून खरेदीची पावती मागवून घ्या आणि पणजीला वन खात्यात नोंदणीची चौकशी करा. परदेशी जातींच्या नोंदणीचे केंद्राचे नियम २०२४ साली आलेत, अर्ज परिवेश या सरकारी पोर्टलवर होतो. दुसरं, ससे-गिनीपिग बघणारा जनावरांचा डॉक्टर आत्ताच शोधून ठेवा. मी पहिल्यांदा नाचणीला घेऊन गेले त्या दवाखान्यात त्यांनी तिला हॅमस्टर म्हणून नोंदवलं, तेव्हाच मी उठायला हवं होतं.

चतुर्थीला घरात घुमट-शामेळ वाजणार, दारात फटाके. त्या पाच दिवसांचं आत्तापासून ठरव. खालच्या खोलीचं दार बंद, आणि बघायला येणाऱ्या पाहुण्यांना "झोपलाय" म्हणून सांगायचं. दिवसा ते खरंच असेल.

ताई, एक मनातलं लिहिते, रागावू नको. मला विचारलं असतंस तर गोव्यात हा प्राणी आणू नको म्हटलं असतं. आला आहे तर नीट ठेवू. पण खालच्या खोलीचं एप्रिलच्या आत जमणार नसेल तर ओमचा रुसवा झेल आणि थंड, कोरड्या गावातलं एखादं जाणतं घर शोध. त्याला तोवर तुमच्या खोलीत घ्या, भावोजींना कानात कापूस घालायला सांग.

पुढच्या आठवड्यात इथली एक मडगावची मुलगी सुट्टीला घरी येतेय. तिच्याबरोबर धुळीचं एक पाकीट आणि तापमान-ओलावा दाखवणारं छोटं यंत्र पाठवतेय. आईसाठी बदामही आहेत त्यात. ते पिंजऱ्यापासून लांब ठेव. यंत्र मिळालं की दुपारी तीनला खालच्या खोलीत ठेवून दोन्ही आकडे मला कळव.

तुझी,
धाकटी