बागेचं कोटेशन मागवायच्या आधी कामाची यादी द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मार्च संपत आला की पुण्यातल्या सोसायट्यांचे फोन सुरू होतात, गार्डनचं वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट द्यायचंय, कोटेशन पाठवा. लॉन किती आहे विचारलं तर "येऊन बघा ना", आणि जाऊन बघितलं तर कमिटीत तिघांची तीन मतं, एकाला नुसतं कटिंग हवंय, दुसऱ्याला खत-औषध सगळं त्यातच हवंय, तिसरे काका म्हणतात कुंड्यापण बघा. मी बागकामाची कॉन्ट्रॅक्ट घेतो आणि कळकळीने सांगतो, कोटेशन मागवायच्या आधी सोसायटीने स्वतः कामाची यादी लिहावी आणि सगळ्या कॉन्ट्रॅक्टरना तीच द्यावी. नाहीतर हातात येणारी तीन कोटेशनं तीन वेगळ्या कामांची असतात, आणि कमिटी फक्त खालचा आकडा बघून मोकळी होते.

लॉन स्क्वेअर फुटात मोजून द्या, टेप लावायला अर्धा तास लागतो. कटिंग महिन्याला किती असं न लिहिता सीझनप्रमाणे लिहा. मेक्सिकन गवत पावसाळ्यात आठ-दहा दिवसांत कापायला येतं, थंडीत तेच महिनाभर थांबतं, त्यामुळे 'महिन्याला दोन कटिंग' असं बारा महिन्यांसाठी ठरवलं की जुलैत गवत घोट्याच्या वर जातं आणि जानेवारीत उगाच मशीन फिरतं. आणि उंच झालेलं गवत एकदम खालून उडवलं की पिवळं पडतं, एका वेळी गवताच्या उंचीच्या एक तृतीयांशपेक्षा जास्त कापायचंच नसतं.

लव्हाळा या तणाचं तर वेगळंच, तो वरून कापला की पुन्हा येतो, खुरप्याने खालच्या गाठीसकट काढावा लागतो, बायका दिवसदिवस उकिडव्या बसून ते काम करतात. ज्याने रेट पाडून काम घेतलंय तो सगळ्यात आधी हीच मजुरी वाचवतो. गेल्या पावसाळ्यात एका सोसायटीत हुमणी लागली, अळीने मुळं खाल्ली, गवत हाताने उचललं तर सतरंजीसारखं गुंडाळत येत होतं. औषधाचा खर्च कोणाचा हे अॅग्रीमेंटमध्ये कुठेच नव्हतं, मग भांडण, आणि बिल अडकलं. एक ओळ लिहिली असती तर हे झालंच नसतं.

आकडे बघताना जीएसटीपण बघा. सेवांसाठी वर्षाला 20 लाखांच्या आत उलाढाल असलेल्या बहुतेक लहान कॉन्ट्रॅक्टरना रजिस्ट्रेशन लागत नाही, मोठा माणूस 18 टक्के लावतो, तर मूळ रेट आणि टॅक्स वेगळे मागा म्हणजे तुलना तरी खरी होईल. मजुरीपण विचारा. किमान वेतनातला विशेष भत्ता राज्यात दर सहा महिन्यांनी बदलतो, वर्षभराचा रेट गोठवला की तो फरक माळ्याच्या पगारातून जातो. कोटेशनमध्ये किती माणसं, किती तास हे लिहून घेतलं की साधा गुणाकार करूनच कळतं, एवढ्या पैशात माणसाला कायदेशीर मजुरी मिळणं शक्य आहे का नाही. नसेल तर तो रेट स्वस्त नाहीये, कोणाच्या तरी पोटावर पाय देऊन आलाय, आणि हे कमिटीला कळायलाच हवं.

माझ्यासारख्या लहान कॉन्ट्रॅक्टरनीपण तोंडी कामं घेणं सोडलं पाहिजे. बरेच जण ओळखीवर सुरू करतात आणि मग तीन-तीन महिने सेक्रेटरीच्या मागे फिरतात. उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे लहान धंद्याची सरकारी नोंदणी, करून ठेवा, 2006 च्या एमएसएमई (लहान-मध्यम उद्योगांच्या) कायद्याप्रमाणे लेखी करारात ठरलेल्या तारखेला पण जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यावेच लागतात, आणि लेखी काही नसेल तर 15 दिवसांत, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज. भांडायला जा असं म्हणत नाही, पण बिलावर उद्यम नंबर टाकला तर समोरचा माणूस तारीख लक्षात ठेवतो.

अजून एक, काम बंद करायचं तर दोन्हीकडून एक महिन्याची नोटीस ठेवा. नवीन कमिटी आली की जुन्या माळ्याला दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणतात, त्याला तोवर दुसरं काम शोधायला वेळ तरी मिळू दे.

आपला,
एक बागकाम कॉन्ट्रॅक्टर, पुणे