जळक्या तेलाचे डबे न्यायचे कुणी?

मा. केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान मंत्री यांस,

स.न.वि.वि.

माझं नाशकात फरसाणाचं दुकान आहे. गेल्या आठवड्यात तपासणीला आलेल्या साहेबांनी मागच्या बोळात वापरलेल्या तेलाचे डबे पाहिले आणि नोटीस हातात ठेवली. डबे साचले, कारण वापरलेलं तेल उचलायची कराराची गाडी संक्रांतीपासून फिरकलेली नाही. फोन केला की ‘मार्च एंड आहे काका’. गटारात ओतायचं नाही, साठवायचं नाही, पुन्हा तळायचं तर नाहीच. मग प्यायचं का?

नियम पाठ आहेत. पोलर कंपाउंड, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवून तयार होणारे खराब घटक, २५ टक्क्यांवर गेले की तेल बाद. दिवसाला ५० लिटरच्या वर तेल लागत असेल तर त्याच्या नोंदीची वही ठेवा. ठेवतो, तेलकट झालीय पण आहे. रात्री एकजण येतो, रोख देतो, वही विचारत नाही. ते तेल कुठल्या कढईत जातं हे अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. त्याला दिलं नाही, त्याचं हे बक्षीस!

हे तुम्हाला का लिहितोय? माझ्या मुलीने मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. केली ती याच तेलावर. चुरा गाळून कॅन भरून न्यायची. कुप्रिआव्हिडस नावाचा जिवाणू हे तेल खातो, आणि नायट्रोजन कमी पडला की पेशीत पीएचएचे कण साठवतो, म्हणजे मातीत कुजणारं प्लास्टिक. यारोविया नावाचं यीस्ट याच तेलातून सायट्रिक ॲसिड करतं, आमच्या चिवड्यातलं लिंबूसत्त्व! २४ ऑगस्ट २०२४ ला तुमचं बायो-ई३ धोरण, म्हणजे जिवाणू-यीस्टसारख्या जीवांकडून माल बनवायचं धोरण, मंजूर झालं, त्यात जैविक रसायनंही आणि रोजगारही. पोरीने प्रस्ताव पाठवला. उलट प्रश्न आला, ‘कच्च्या मालाचा खात्रीशीर पुरवठा कुठून?’ अहो, बोळात या! ती आता पुण्यात रक्ताच्या नळ्यांना स्टिकर लावते.

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत एक सामाईक फर्मेंटर, म्हणजे जिवाणू वाढवायची टाकी, द्या आणि गाडी वेळेवर पाठवा, एवढंच मागणं.

देशात वर्षाला २७०० कोटी लिटर खाद्यतेल लागतं, त्यातलं वापरून झालेलं १४० कोटी लिटर गोळा होईल, हे आकडे २०१९ मध्ये तुमच्याच सरकारने दिले. १०० शहरांत त्याचं बायोडिझेल, म्हणजे गाड्यांचं इंधन, होणार होतं. निम्म्याहून जास्त तेल बाहेरून आणायचं, आणि वापरलेलं असं सडवायचं. सप्टेंबर २०२४ मध्ये आयात शुल्क वाढवायला एक रात्र पुरली, तेव्हा कुणी पुरवठ्याची खात्री विचारली नाही. भाव चढले, शिव्या गिऱ्हाइकांनी मला घातल्या. नोटीस नेहमी छोट्यालाच, धोरण नेहमी मोठ्यासाठी. येत्या १० ऑगस्टला जैवइंधन दिनाचं भाषण होईलच. त्यात आमच्या कढईचं कौतुक नको.

आपला,
एक फरसाणवाला, नाशिक