शेवटच्या बाकावरून

प्रिय मनू,

चार महिने तुझ्या मेसेजला उत्तर दिलं नाही, रागव हवं तर, पण आधी हे वाच. तब्येत बरी आहे, पाठ अधूनमधून धरते, बास.

सोमवारी टीम लीड म्हणून पहिल्यांदा मोठ्या मीटिंगमध्ये बोलले. डेडलाइन दोन आठवडे पुढे न्यायला हवी असं सांगितलं आणि कुणी मानही वर केली नाही. दहा मिनिटांनी माझ्याच टीममधल्या मुलाने तेच वाक्य म्हटलं, अगं शब्दाला शब्द तेच, आणि सगळे म्हणाले बरोबर आहे. त्याचा राग नाही गं, त्याने माझं नावही घेतलं. पण घरी येईपर्यंत मला रडू आवरेना आणि तूच आठवलीस, कारण तालमीला शेवटच्या बाकावर बसून, आवाज पोचला नाही की बाक वाजवणारी तूच होतीस.

रात्री रेकॉर्डिंग ऐकलं. आधी तर हा आवाज माझा वाटेचना (बोलताना आपला आवाज आपल्याला हाडांतूनही ऐकू येतो म्हणून भरीव वाटतो, रेकॉर्डिंगमध्ये ते नसतं). मग कळलं. "डेडलाइन दोन आठवडे पुढे" इथपर्यंत ठीक, आणि "न्यायला हवी" गायब! आपलं क्रियापद येतं शेवटी, म्हणजे हवी की नको तेच मी गिळून टाकलं होतं. तू हेच म्हणाली होतीस ना, स्टेजच्या मागे, आणि मी तीन आठवडे अबोला धरला होता. बक्षीस समारंभानंतर सांगायला हवं होतंस, हे मी अजूनही म्हणेन. पण तुझं खरं होतं.

ट्रेनिंगमध्ये सांगितलं की शब्दांना फक्त ७ टक्के महत्त्व, बाकी ९३ आवाज आणि देहबोली. मला पटेना म्हणून शोधलं. ते आकडे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७च्या प्रयोगांतले, सुटे शब्द आणि भावना ओळखण्याबद्दलचे, सगळ्या बोलण्याला ते लागू नाहीत असं ते स्वतःच सांगायचे. मग ट्रेनिंगवाले म्हणाले आवाजाची पट्टी खाली आण, ब्रिटनच्या पंतप्रधान थॅचरबाईंनी आणली होतीच. मी दोन दिवस घशातून दाबून बोलले आणि घसा बसला. आणि मनू, तो आवाज ऐकून मला भीतीच वाटली, उद्या याच आवाजात तुझ्याशी बोलायला लागले तर?

ते सोडून दिलं. आता फक्त श्वास. कुणीतरी मध्येच तोडेल या धास्तीने मी घाई करते, खांदे वर जातात, श्वास छातीतच अडकतो, स्वरतंतू ताणले की आवाज चढतो आणि वाक्य संपायच्या आत हवा संपते. म्हणून दोन्ही पाय जमिनीवर नीट टेकवून, पोटावर हात ठेवून, श्वास पोटापर्यंत गेला की मगच तोंड उघडायचं, आणि क्रियापद संपेपर्यंत समोरच्यावरची नजर काढायची नाही. हे शेवटचं फार जड जातं. काल आरशासमोरही माझी नजर "हवी"च्या आधीच खाली गेली.

तुझ्या घराचा ताबा मिळाला का? काकूंचं डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं ना? सगळं फोनवर सांग.

गुरुवारी परत तीच मीटिंग आहे. बुधवारी रात्री फोन करते, दहा मिनिटं काही बोलू नकोस, नुसती ऐक. क्रियापद ऐकू आलं नाही की टेबल वाजव.

तुझीच,
सुमी