बातमीत राहून गेलेले कॅप्टन सर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या सरांच्या निधनाची बातमी आपल्या दैनिकात वाचली. फोटो गणवेशातला, तरुणपणीचा. '1965 च्या भारत-पाक युद्धातील सेनानी' म्हणून चार ओळी आणि शेवटी 'त्यांनी काही काळ महाविद्यालयात अध्यापनही केले.' हा 'काही काळ' म्हणजे सरांची निवृत्तीपर्यंतची सगळी नोकरी होती. गणवेश अंगावर होता तो जेमतेम पाच वर्षं. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर आहे, गल्लीगल्लीत एखादा निवृत्त हवालदार-सुभेदार असतोच, त्यामुळं फौजी माणसाविषयी काय लिहायचं हे इथल्या पत्रकारांना पाठ आहे. भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापकाविषयी काय लिहायचं हे कुणाला सुचलं नसावं. म्हणून हे पत्र.

मी त्या विभागात शिपाई म्हणून लागलो आणि प्रयोगशाळा सहायक म्हणून निवृत्त झालो. सरांचं नाव बातमीत आलंच आहे. आम्ही त्यांना 'कॅप्टन सर' म्हणायचो, अर्थात त्यांच्यामागं.

1962 ला चीनकडून मार खाल्ल्यावर सरकारनं पदवीधर पोरांना इमर्जन्सी कमिशन देऊन भराभर अधिकारी केलं, त्यातले सर एक. पुण्याच्या ऑफिसर्स ट्रेनिंग स्कूलमध्ये शिकले आणि 1965 च्या सप्टेंबरात पंजाबच्या सरहद्दीवर जाऊन पोचले. डाव्या मांडीत तोफगोळ्याची कपची घुसली होती, ती शेवटपर्यंत तिथंच होती. लढाईचं ते स्वतःहून बोलत नसत. पोरांनी फारच गळ घातली तर एकच सांगायचे: "पंजाबात आम्ही पुरुषभर खंदक खणले, पण कुदळीला एक दगड लागला नाही. मी खानापूर तालुक्यातला. आमच्याकडं तुळशीकट्ट्यासाठी खणलं तरी पहार वाजते. इथले दगड गेले कुठं, हे मी शेजारच्या सुभेदाराला विचारलं. तो म्हणाला, साहेब, आधी डोकं खाली घ्या."

हिमालयातल्या नद्यांनी आणून टाकलेल्या गाळाखाली पंजाबचा मूळ खडक कितीतरी खोल गाडला गेलाय, हे उत्तर त्यांना पुढं धारवाडला मिळालं. इमर्जन्सी कमिशनवाल्यांना मुदतीनंतर सोडलं, तेव्हा बहुतेकांनी सरकारी नोकऱ्या धरल्या. सरांनी धारवाडला पुन्हा कॉलेजात नाव घातलं, आपल्यापेक्षा सहा-सात वर्षांनी लहान पोरांच्या बाकावर बसले आणि भूगर्भशास्त्रात एम. एस्सी. करून बेळगावला परत आले. घरच्यांना हे वेड वाटलं. वाटणारच, कॅप्टनला बँकेत सहज जागा मिळाली असती.

माझं काम दगड घासण्याचं. आधी दगडाची पातळ चकती कापायची, मग काचेवर कार्बोरंडमची पूड आणि पाणी घेऊन 0.03 मिलिमीटरपर्यंत घासत न्यायची. एवढी पातळ चकती मोजायची कशी? सरांनी मला सूक्ष्मदर्शकाखाली बघायला शिकवलं. क्वार्ट्झचा कण पिवळा दिसला तर अजून घास, करडा दिसला की थांब. सातवी पास माणसाला त्यांनी तो रंग ओळखायला शिकवला आणि एकदा ओळखायला लागल्यावर पुन्हा तपासून बघितलं नाही. फौजेतली सवय असेल.

सहलीत मात्र ते स्वतः बारीक लक्ष घालायचे. गोकाकच्या धबधब्यावर मुलं फोटो काढायला धावत. तिथं घटप्रभा 52 मीटर खाली पडते, त्यामुळं धावणारच. सर त्यांना मागं बोलवायचे आणि आसपासच्या वालुकाश्मावर लाटांनी उमटलेल्या रेघा दाखवायचे. आपला डेक्कन ट्रॅप, म्हणजे दख्खनचा काळा दगड, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आणि हा वालुकाश्म, ज्याला कलादगीचा दगड म्हणतात, त्याहून कितीतरी जुना. पश्चिमेकडून येताना काळा दगड संपून तो कुठं सुरू होतो, ते बस थांबवून दाखवायचे आणि म्हणायचे, "ही सीमा ठरवायला महाजन आयोग लागला नाही." मराठी पोरं हसायची, बैलहोंगलची कन्नड पोरंही हसायची. पुढचं सगळं दोन्ही भाषांत समजावून सांगायचे. यादवाडला चुनखडीवर आम्लाचा थेंब टाकून फेस दाखवायचे. बाटली माझ्याकडं असायची, शर्टाला भोकं पडली तीही माझ्याच.

वर्गात त्यांचा आवडता माणूस म्हणजे हॅरी हेस. अमेरिकेत प्रिन्स्टनला भूगर्भशास्त्र शिकवत होते, दुसऱ्या महायुद्धात नौदलात गेले आणि पॅसिफिकमध्ये 'केप जॉन्सन' या सैनिक वाहून नेणाऱ्या जहाजाचे कॅप्टन झाले. खोली मोजायचं यंत्र त्यांनी भर समुद्रातही चालूच ठेवलं, तेव्हा पाण्याखाली सपाट माथ्याचे डोंगर सापडले. समुद्राचा तळ मधे फाटून दोन्हीकडं पसरत जातो, हा सिद्धान्त 1962 मध्ये मांडणारे हेच. हे सांगताना सरांचा आवाज चढायचा. स्वतःच्या लढाईबद्दल बोलताना तो कधी चढलेला मी ऐकला नाही.

आता मुख्य गोष्ट. 1972 च्या दुष्काळात, मी लागायच्या आधी, सरांनी गावोगावच्या विहिरींत उतरून नोंदी करायला सुरुवात केली, ती निवृत्तीनंतरही गुडघे चालेपर्यंत सोडली नाही. माती किती हात, मुरूम किती, मांजऱ्या, म्हणजे मऊ सच्छिद्र दगड, कुठं लागला, काळा पाषाण कुठं, झरा कुठल्या फटीतून, उन्हाळ्यात पाणी किती खाली गेलं, सगळं चित्र काढून. खानापूरकडच्या जांभ्याच्या विहिरी वेगळ्या: वरचा जांभा स्पंजासारखं पाणी धरतो, खालची चिकणमाती ते अडवते, आणि मार्चनंतर बघावं तर तळ उघडा. विहिरीची जागा दाखवायला शेतकरी त्यांना बोलवत, त्याच दिवशी तळहातावर नारळ धरणाराही बोलवलेला असे. सर त्याच्याशी कधी वाद घालत नसत, शेजारी बसून चहा घेत आणि आपलं मत मालकाला वेगळं सांगत. सरांनी दाखवलेल्या जागाही कोरड्या निघाल्या आहेत. त्या वहीत लाल शाईनं लिहिलेल्या आहेत, शेजारी 'माझा अंदाज चुकला' आणि सही.

या वह्या आणि सरांनी जमवलेले, क्रमांक घातलेले दगड विभागात होते. विद्यार्थी मिळेनात म्हणून विभाग बंद झाला, खोली संगणकांना गेली आणि दगड गोणपाटात भरून सायकल स्टँडमागं गेले. कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, जागेची अडचण खरीच होती. पण त्यातले काही बांधकामावर भरावाला जाताना मी डोळ्यांनी बघितले. उरलेल्या गोण्या आणि वह्या मी परवानगी घेऊन टेम्पोनं घरी आणल्या. गोठ्याशेजारच्या खोलीत आहेत. वह्यांना कसर लागायला लागली आहे.

सरांच्या नावानं चौक किंवा कमान करायची चर्चा माजी सैनिकांत चालली आहे असं कानावर आलं. करा. पण त्यातल्या थोड्या पैशांत या वह्या स्कॅन होतील. दर उन्हाळ्यात आपल्याच अंकात बोअर कोरड्या गेल्याच्या बातम्या येतात, आणि खाली कुठल्या थराला पाणी होतं हे माझ्याकडच्या वह्यांत गाववार लिहिलेलं आहे. एखाद्या वाचनालयानं, शाळेनं किंवा भूजलाचं काम करणाऱ्या कुणीही काचेची दोन कपाटं आणि एक कोरडी भिंत दिली तर मी स्वतः येऊन दगड लावून देईन. चिठ्ठ्या बऱ्याच गळाल्या आहेत, पण क्रमांक दगडावरच रंगवलेले आहेत आणि सरांचं अक्षर मला लागतं. इच्छा असणाऱ्यांनी आपल्या कार्यालयात निरोप ठेवावा, माझा पत्ता तिथं दिला आहे. पावसाळ्याआधी झालं तर बरं, त्या खोलीची कौलं गळतात.

आपला नम्र,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक
ता. खानापूर, जि. बेळगाव