ग्रंथपाल बाईंना, मनापासून

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

तुमच्या हाताखाली शिकले आणि आज स्वतः ग्रंथपाल म्हणून काम करते आहे. तुमचे आभार मुद्दाम चारचौघांत मानते आहे, कारण ग्रंथपाल दिवसभर काय करतो याची बहुतेकांना कल्पना नसते. "पुस्तकं द्यायची, घ्यायची, उरलेल्या वेळात वाचत बसायचं," असं मला अजूनही ऐकवतात. वाचनाच्या ओढीनं मी या कामात आले हे खरंच. पण रमले ते समोर आलेल्या माणसाला नेमकं काय हवंय हे शोधण्यात, आणि ती गोडी तुम्ही लावलीत.

देवघेवीच्या टेबलावर तुम्ही मला शेजारी बसवून घ्यायचात. एकदा एका गृहस्थांनी विचारलं, "कायद्याची पुस्तकं कुठे आहेत?" मी कपाटाकडे बोट दाखवणार, एवढ्यात तुम्ही म्हणालात, "कशाबद्दल बघताय?" "असंच," ते म्हणाले. तुम्ही घाई केली नाहीत. घराबद्दल, नोकरीबद्दल, की आणखी कशाबद्दल, असं सावकाश विचारत गेलात. वडिलांच्या मागं मालमत्तेत कुणाचा किती वाटा, हा त्यांचा प्रश्न होता. वारसा हक्कावरचं एक छोटं पुस्तक आणि त्यातलं नेमकं प्रकरण काढून दिलंत. त्यांनी काय करावं, यावर मात्र अवाक्षर काढलं नाहीत. सल्ला वकिलानं द्यायचा, आपण खात्रीच्या माहितीपर्यंत न्यायचं. ते गेल्यावर मी त्यांच्याविषयी बोलू लागले, तेव्हा तुम्ही मला थांबवलंत: "कोण काय वाचतं हे या टेबलाच्या बाहेर जात नाही." आजार, कर्ज, घटस्फोट अशा विषयांवरची पुस्तकं लोक आमच्याकडे निर्धास्तपणे मागतात, ते याच भरवशावर.

वर्गीकरण तर तुम्हीच मला आवडायला लावलंत. पुस्तकांना विषयावरून आकडे देऊन लावायची, मेल्व्हिल ड्युई यांची दशांश पद्धत 1876 सालची. परीक्षेपुरते तिचे दहा मुख्य वर्ग मी पाठ केले होते. तुम्ही मधमाश्यांवरची दोन पुस्तकं समोर ठेवलीत आणि विचारलंत, ही कुठे लावशील? मधमाशीचं शरीर, तिची जात, तिचं वर्तन सांगणारं पुस्तक प्राणिशास्त्रात, 595.799 मध्ये जातं. मधमाश्या पाळायच्या कशा हे सांगणारं 638.1 मध्ये, शेतीच्या शेजारी. कीटक एकच, पण शोधत येणारी माणसं वेगळी. चुकीच्या फळीवर गेलेलं पुस्तक ग्रंथालयात असूनही वाचकाला सापडत नाही. तेव्हापासून नव्या पुस्तकाला वर्गांक देताना मी आधी त्याचा वाचक डोळ्यांसमोर आणते. खगोलापासून पाककृतींपर्यंत प्रत्येक विषयाची थोडी तरी ओळख रोजच्या रोज करून देणारं दुसरं काम मला माहीत नाही.

हे जमेल का, अशी धास्ती मला होती, तेव्हा तुम्ही रंगनाथनांची गोष्ट सांगितलीत. गणिताचे प्राध्यापक असलेले शियाळी रामामृत रंगनाथन 1924 मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, आणि सुरुवातीला इतके कंटाळले की पुन्हा शिकवायला जायची परवानगी मागू लागले. मग लंडनला शिक्षणासाठी गेले, तिथली ग्रंथालयं हिंडून पाहिली आणि पुढचं सारं आयुष्य ग्रंथालयशास्त्राला दिलं. 1931 मध्ये त्यांनी मांडलेल्या पाच सूत्रांपैकी तुम्ही सर्वांत जास्त बोलायचात ते चौथ्याबद्दल: वाचकाचा वेळ वाचवा. तालिका म्हणजे पुस्तकांची सूची, फळ्यांवरच्या पाट्या, टेबलाची जागा, प्रत्येक गोष्ट तुम्ही याच सूत्रावर तपासायचात. मीही तेच करते.

पुस्तकं बाद करणं मात्र मला जड जायचं. औषधांवरची जुनी आवृत्ती फळीवर ठेवली तर कुणाला तरी अपाय होऊ शकतो, हे तुम्ही समजावलंत, म्हणून हात धजावला.

आता सगळं फोनवर मिळतं, मग ग्रंथपाल कशाला, असं विचारणारे भेटतात. मिळतं, हे खरंच. पण ते कुणी लिहिलं, कधी, कशाच्या आधारावर, हे तपासायला शिकवणारं कुणीतरी हवं असतं. शोधनिबंध हुडकणारे विद्यार्थी आणि अर्ज भरताना अडलेले आजोबा एकाच दुपारी माझ्याकडे येतात, आणि दोघांनाही माझी गरज असते. या पेशात अडचणी आहेत. अनेक ठिकाणी पदं रिकामी राहतात आणि एकाच माणसावर सगळा भार पडतो. तरीही पुन्हा निवडायची वेळ आली तर मी हेच निवडेन.

सध्या दोन मुली ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासक्रमाला जावं का, असं विचारायला येतात. मी त्यांना माहितीपत्रक दिलं नाही, टेबलाशी शेजारी बसवलं. त्यातली एक आता वाचकाला स्वतःहून "कशाबद्दल बघताय?" असं विचारते. तुमची हरकत नसेल तर दोघींना एकदा तुमच्याकडे पाठवते. वर्गीकरणाच्या त्यांच्या शंका माझ्यापेक्षा तुम्हीच नीट सोडवाल.

तुमचे मनःपूर्वक आभार, बाई.

तुमची विद्यार्थिनी