चि. आदूस, कढई तापवण्याआधी

चि. आदू,
अनेक उत्तम आशीर्वाद.

दालचिनी-साखर लावलेल्या कुरकुरीत पट्ट्या घरी कशा तळायच्या, असं तू फोनवर विचारलंस. प्रमाण सांगायला दोन वाक्यं पुरली असती, पण नुसत्या प्रमाणाने काम भागत नाही. प्रमाण तंतोतंत पाळूनही कितीतरी जणांच्या पट्ट्या तळल्या तळल्या छान लागतात आणि दुसऱ्या दिवशी वातड होतात. पिठातलं पाणी पुरतं गेलेलं नसतं, एवढंच त्याचं कारण. या खाऊत मुख्य काम एकच: पिठातलं पाणी घालवायचं आणि गेलेलं पाणी परत येऊ द्यायचं नाही. म्हणून प्रत्येक पायरीपाशी कारणही लिहितोय. कारण ठाऊक असलं की तुझ्या शेगडीवर, तुझ्या कढईत काय करायचं ते तुझं तुलाच ठरवता येईल.

आधी पीठ. मैदा २५० ग्रॅम, बारीक रवा दोन मोठे चमचे, मीठ पाव छोटा चमचा, तूप किंवा तेल तीन मोठे चमचे. पाणी साधारण ९० ते १०० मिली लागेल, पण ते एकदम ओतू नकोस. तूप चांगलं गरम करून मैद्या-रव्यावर घाल आणि निवलं की दोन्ही हातांनी चोळ. सगळ्या पिठाला मोहन लागलं पाहिजे. मूठभर पीठ दाबून बघ. मुटका वळला आणि बोटाने टिचकी मारल्यावर फुटला, म्हणजे मोहन बरोबर आहे. मैद्यातल्या प्रथिनांना पाणी मिळालं की त्यांची चिवट जाळी तयार होते, तिलाच ग्लूटेन म्हणतात. तुपाचा थर आधी बसला की ती जाळी फार वाढत नाही आणि पट्टी दाताखाली खुसखुशीत तुटते. मोहन कमी पडलं तर पट्टी दगडासारखी कडक होते, जास्त झालं तर तेलात विरून तळाशी चुरा साचतो. रवा थोडा दाणेदारपणा आणतो, म्हणून मला तो हवाच वाटतो. तुझ्या आईला निम्मी कणीक घालून केलेल्या आवडतात. त्या चवीला खमंग होतात, पण कुरकुरीतपणा थोडा कमी येतो. पहिल्यांदा तू मैद्याच्याच कर.

पिठात साखर अजिबात घालू नकोस. खूप जण घालतात, आणि तिथेच बिघडतं. साखरेमुळे पट्टीला रंग लवकर चढतो, आपल्याला झाली असं वाटतं आणि आपण ती बाहेर काढतो, पण आत ओल राहिलेली असते. मध किंवा गूळ तर आणखी वाईट, कारण ते हवेतला ओलावा साखरेपेक्षा जास्त ओढतात. गोडी सगळी वरून लावायची.

पीठ घट्ट भिजव. मळताना हाताला थोडं जड गेलं तरी चालेल. जितकं पाणी आत घालशील तितकं तळताना बाहेर काढावं लागणार आहे. मग ओल्या फडक्याखाली अर्धा तास झाकून ठेव. एवढ्या वेळात रवा पाणी पितो, पीठ सैलावतं आणि लाटताना आक्रसत नाही.

लाटताना जाडी साधारण दोन मिलिमीटर ठेव आणि ती सगळीकडे सारखी ठेव. कडा जाड राहण्याची सवय बहुतेकांच्या हाताला असते. त्या जाड कडांच्या पट्ट्या मधल्या पट्ट्यांबरोबर तळल्या की मधल्या करपतात आणि कडेच्या कच्च्या राहतात. म्हणून कडा कापून टाक, मळून पुन्हा लाट. काट्याने सगळीकडे टोचे मार, नाहीतर वाफ आत अडकून पट्टी फुगते. फुगलेली बाजू तेलाच्या वर राहते आणि तिथलं पाणी जात नाही. एक सेंटिमीटर रुंद, बोटाएवढ्या लांब पट्ट्या काप. पीळ घातलेल्या दिसायला सुरेख, पण पिळाच्या मधोमध पीठ दुहेरी होतं आणि त्याला वेळ जास्त लागतो. हात बसेपर्यंत सरळच तळ. कापलेल्या पट्ट्या कागदावर सुट्या पसरून दहा मिनिटं उघड्या राहू दे, वरचा ओलावा जरा सुकतो.

आता तेल. इथे मला तुझी सर्वांत जास्त काळजी वाटते, कारण तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. गॅस मोठा केला की काम लवकर उरकेल असं तुला वाटतं. तळणीत तसं होत नाही. तेल १६० अंशांच्या आसपास हवं. पाणी १०० अंशांना उकळतं, म्हणजे पट्टीतलं पाणी वाफ होऊन निघायला तेवढं तापमान भरपूर आहे. तेल १९० ला गेलं तर वरचा पापुद्रा दोन मिनिटांत तपकिरी होतो आणि आतलं पाणी आतच राहतं. उलट १४० च्या खाली पट्टी नुसती तेल पीत बसते. तापमापक असेल तर उत्तम, नसेल तर पिठाचा वाटाण्याएवढा तुकडा टाकून बघ. तो खाली जाऊन, भोवती बुडबुडे घेत, सावकाश वर आला पाहिजे. टाकल्या टाकल्या वर उसळी मारून लाल झाला, तर आच कमी कर आणि थांब.

घाणा लहान ठेव. कढईत पट्ट्यांचा एकच थर मावेल आणि त्यांना हलायला जागा राहील एवढाच. गार पीठ जास्त पडलं की तेल एकदम निवतं. घाणा टाकल्यावर आच किंचित वाढव, तेल सावरलं की पुन्हा कमी कर, आणि झाऱ्याने अधूनमधून हलवत राहा.

मग बुडबुड्यांकडे लक्ष दे. ते बुडबुडे म्हणजे पिठातून निघणारी वाफ. सुरुवातीला कढई नुसती उसळत असते, आवाजही मोठा आणि ओला असतो. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला बुडबुडे बारीक होतात, आवाज उतरतो. आणखी थोड्या वेळाने एखाद्याच पट्टीच्या कडेला तुरळक बुडबुडा दिसतो, आणि झाऱ्याने ढकलल्यावर पट्ट्या एकमेकींवर आपटून खडखडतात. तेव्हा काढ. एवढ्या जाडीला पाच-सहा मिनिटं लागतात, पण घड्याळापेक्षा बुडबुड्यांवर विश्वास ठेव. रंग फिका सोनेरी असतानाच काढायच्या, कारण बाहेर आल्यावरही त्या गरमच असतात आणि रंग थोडा चढतो. पिठातली शर्करा आणि प्रथिनं उष्णतेने एकत्र येऊन हा रंग आणि खमंगपणा येतो. १९१२ मध्ये लुई कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने या क्रियेचं वर्णन केलं. पण गडद तपकिरीपर्यंत नेऊ नकोस. चव कडवट होते, शिवाय पिष्टमय पदार्थ जितके जास्त भाजले-तळले जातात तितकं त्यात ॲक्रिलामाइड नावाचं, तब्येतीला अपायकारक ठरू शकणारं द्रव्य वाढतं. स्वीडनच्या संशोधकांनी २००२ मध्ये ते अन्नात दाखवून दिलं आणि तेव्हापासून सगळीकडे सोनेरी रंगावर थांबण्याचा सल्ला दिला जातो. तूही थांब.

पट्ट्या काढल्या की झारा कढईवरच तिरका धरून चांगला झटक. हे काम लगेच करायचं. पट्टी तेलात असते तोवर आतली वाफ बाहेर रेटत असते, तेलाला आत शिरायला वाव नसतो. बाहेर काढल्यावर आतली वाफ निवते, दाब घटतो आणि वर चिकटलेलं तेल आत ओढलं जातं. तळणीतलं बरंचसं तेल या शेवटच्या क्षणांतच आत शिरतं. मग पट्ट्या चाळणीत किंवा जाळीवर पसर. कागदावर ढीग घातलास तर खालच्यांची वाफ तिथेच अडकून त्या ओलावतात.

दालचिनीविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण तू ती दुधात, फळांवर, सगळ्यावर भुरभुरतोस. ती झाडाची आतली साल असते आणि बाजारात मुख्यतः दोन प्रकारची मिळते. श्रीलंकेची, म्हणजे सिलोन दालचिनी, रंगाने फिकी असते. तिच्या नळीत कागदासारखे पातळ थर एकावर एक गुंडाळलेले असतात आणि ती बोटांनी चुरडता येते. दुसरी कॅशिया. ती जाड, कठीण, लालसर, एकाच सालीची वळलेली असते, चवीला तिखट आणि वासाला उग्र. साखरेबरोबर कॅशियाचा झणका जास्त जाणवतो हे खरं. पण तिच्यात कुमारिन नावाचं द्रव्य बरंच असतं, सिलोनमध्ये ते नाममात्र. कुमारिन जास्त प्रमाणात गेलं तर काहींच्या यकृताला त्रास होतो, म्हणून युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला ०.१ मिलिग्रॅम अशी मर्यादा ठरवली आहे. कधीतरी खायच्या पट्ट्यांना कॅशिया लावलीस तर काही बिघडत नाही. तुझ्या रोजच्या दुधासाठी मात्र सिलोनच आण, एवढं माझं ऐक. पूड आयती घेण्यापेक्षा नळी घेऊन थोडी थोडी कुटलीस तर वास टिकतो.

दालचिनी पिठात घालू नकोस आणि तेलातही पडू देऊ नकोस. तिचा वास ज्या तेलामुळे येतो ते उष्णतेने उडून जातं, पूड करपते, आणि ती कडवट चव पुढच्या प्रत्येक घाण्याला लागते. म्हणून साखर लावायची परात कढईपासून लांब ठेव. १०० ग्रॅम बारीक दाण्यांची साखर, दोन छोटे चमचे दालचिनी पूड आणि चिमूटभर मीठ आधीच एकत्र करून ठेव. पिठीसाखर वापरू नकोस, ती लवकर ओली होऊन गिळगिळीत होते. दाणे राहिले तर दाताखाली पट्टी आणि साखर दोन्ही वाजतात.

पट्ट्या चाळणीत मिनिटभर राहू दे आणि मगच साखरेत टाकून परात हलव. कढईतून थेट टाकल्यास तर उरलीसुरली वाफ साखर भिजवते. पार गार झाल्यावर टाकल्यास तर साखर नुसती घरंगळते, कारण तिला धरून ठेवणारी तेलाची पातळ ओल आत गेलेली असते. कोमट आणि गरम यांच्या मधली वेळ पकडायची. प्रत्येक घाणा वेगळा घोळव.

पूर्ण गार होईपर्यंत डबा बंद करू नकोस. कोमट पट्ट्या भरल्यास तर झाकणाला आतून पाणी धरतं आणि सगळी मेहनत वाया जाते. घट्ट झाकणाच्या डब्यात आठवडाभर सहज टिकतात. हवा फार दमट असेल तर साखर न लावता भर. खायच्या वेळी १५० अंशांवर पाच मिनिटं भट्टीत गरम करून मग साखरेत घोळव. सादळलेल्या पट्ट्याही अशाच पुन्हा कुरकुरीत होतात.

आता जे लिहितोय ते नीट वाच. कढई निम्म्याच्या वर तेलाने भरायची नाही. तेल तापत असताना स्वयंपाकघर सोडून जायचं नाही, फोन वाजला तरी. तेलातून धूर यायला लागला की गॅस बंद. कधी तेलाने पेट घेतलाच तर पाणी ओतायचं नाही. पाणी जड असल्यामुळे तेलाखाली जातं, तिथे त्याची एका क्षणात वाफ होते, ती पाण्याच्या सोळाशे-सतराशे पट जागा व्यापते आणि पेटतं तेल उडवून देते. गॅस बंद करायचा, धातूचं झाकण कडेने सरकवून कढई झाकायची आणि पुरती गार होईपर्यंत झाकण उचलायचं नाही. पेटलेली कढई जागेवरून हलवायची नाही. आग आवाक्याबाहेर वाटली तर सगळं सोडून बाहेर पड आणि अग्निशमन दलाला फोन कर. झाकण तेल तापवायच्या आधीच हाताशी काढून ठेव.

उरलेलं तेल गार झालं की गाळून बाटलीत भर, उजेडापासून दूर ठेव आणि आणखी एकदा तळणीला वापर. काळपट झालं, फेस धरू लागलं किंवा खवट वास आला तर टाक, पण मोरीत ओतू नकोस. जुन्या कागदात शोषवून कचऱ्यात दे.

पहिल्यांदा दहा-बाराच पट्ट्यांचा घाणा तळ. त्यातली एक मधोमध मोडून आतून बघ. पांढुरकी, मऊ रेघ दिसली तर पुढच्या घाण्याला एक मिनिट जास्त दे. काही अडलं तर कधीही फोन कर, आणि आच किती ठेवली होतीस ते सांग.

तुझा,
बाबा